दुधखडा

टेकडी लहानच आहे.
केजहून येताना ड्रायव्हर म्हणतो, ती बघा,
तोवर मागे पडते.
वर एक ओटा, एक लिंब, लिंबाला आग्या मोहोळ
आणि काळ्या दगडावरून उतरलेला तो पांढरा ओघळ.

कुणी म्हणतं, नाथ भुकेला होता, गाईनं पान्हा सोडला.
कुणी म्हणतं, फकिराचा कटोरा लवंडला, खिरीचा.
शेळ्या राखणारी शेवंता म्हणते,
"चुनखडी हाय. म्या जीभ लावून बघितलीया."

मी लग्नाचे फोटो काढतो.
मार्गशीर्षात एक लग्न मोडलं, दिवस मोकळा मिळाला,
म्हणून पहाटे वर चढलो.
खाली मांजरेवर धुकं, ज्वारी पोटरीत आलेली.
फोटो झकास आला, खोटं कशाला बोलू.
फक्त ओट्यावरची हिरवी चादर आणि लिंबाखालचा शेंदूर
एका चौकटीत मावेनात.
मागं सरकावं तर दरी.
मग अर्धं पाऊल डावीकडे सरकलो.

एवढंच केलं मी.
अर्धं पाऊल, डावीकडे.

'शुभ सकाळ' लिहून टाकला.
दिवेलागणीला तो माझ्याकडेच परत आला,
लाल गोल काढलेला, वर लिहिलेलं: पुरावा.
कुठाय चादर, दाखवा.
रात्री दुसरा आला, कुणीतरी उजवीकडून काढलेला.
कुठाय शेंदूर.
आणि माझ्या पुराव्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
नयन फोटो, लग्न, साखरपुडा, बारसे,
खाली माझाच नंबर.
तीन दिवस तो वाजत होता.
ऑर्डर एकही नव्हती.

गित्ते हवालदार म्हणाले, ओरिजनल द्या,
वेळ, ठिकाण, सगळं असतं म्हणे त्याच्यात.
कार्ड दिलं. टेकडीच्या आधी
दराड्यांच्या मुलीची पाठवणी होती त्यात.
ती ते बराच वेळ बघत बसले.
टेकडीवर आल्यावर म्हणाले, हं.

एक फोटो त्यात नाही.
उजाडायच्या आधी संपती गुरवाच्या काड्या
दवानं सादळल्या होत्या. तीन मोडल्या.
ओटा झाडता झाडता मदारबीनं पदराची गाठ सोडली,
न बघता काडेपेटी फेकली.
त्यानं न बघता झेलली.
उजेड कमी होता. हललेला आला असता.
मी बटण दाबलं नाही.

आता खाली बॅरिकेड आहे. दोन होमगार्ड,
आणि 'छायाचित्रणास मनाई', रंग अजून ओला.

मंगळवारच्या बाजारात मदारबी भेटली.
भांडायला आली असं वाटून मी आधीच बोलायला लागलो.
तिनं थांबवलं.
"माजा एखांदा फोटू हाय का त्यातला?
कागदाला लावाया पायजे."
मोबाइलवर दोन बोटांनी ताणत ताणत गेलो
उजव्या कडेपर्यंत.
तिथं कोपर होतं, आणि पदराचं टोक,
गाठ सुटलेलं.

तिनं डोळे बारीक केले.
"हां, माजाच हाय."
मग टोमॅटो चाचपत, माझ्याशी नाही, स्वतःशीच,
"माचिस उनके कनेच रह गई."