एका देहापुरती

रायबंदरहून पहिली फेरीबोट.
खांद्याला शीतपेटी, आत बारा कुप्या,
छातीवर बिल्ला: र. वि. हेदे,
वारसा-तपासनीस, दुसरी श्रेणी.
तिसऱ्या विकणाऱ्या बाईनं पेटीकडे पाहिलं
आणि टोपली पायांजवळ ओढून घेतली.

चोडणला उतरायचं ते आता
जुन्या धक्क्याच्या तेराव्या पायरीवर.
खालच्या बारा नदीनं घेतल्या.
खाजनाचा बांद फुटला त्या साली
विहिरी खाऱ्या झाल्या, कोरगूट तेवढा तगला,
आणि कंपनीची माणसं आली
छत्र्या, बिस्किटं, सुया घेऊन.
तिवराचं एक पान त्यांनी हातोहात फिरवलं:
चाटून बघा, हे झाड खारं पितं
आणि मीठ पानावाटे टाकतं.
तुम्हालाही जमेल.
एकशे चाळीस जणांनी दंड पुढे केले.
करार कोकणीत वाचून दाखवला, असं फाइल म्हणते.
कलम पाच: ही ग्रंथी एका देहापुरती.

पिएदादचं घर मानशीजवळ.
तिच्या कोपरांवर पांढरी रेघ,
ओहोटीनंतर खडकावर राहते तशी.
नाव विचारलं, वय विचारलं,
शेवटचा हप्ता कधी भरला ते विचारलं,
मग विचारलं, मुलगी कुठे आहे.

पयलीं पेज जेव, ती म्हणाली.

जेवलो. पहाटेपासून पोट रिकामंच होतं.
लाल तांदळाची पेज, सुक्या बांगड्याचा तुकडा.
चव अशी बरोबर, की बोटं चाटली.
म्हटलं, मीठ मोजून घालता वाटतं.
तिनं उत्तर दिलं नाही.
परसाकडे तोंड करून हाक मारली: जासिंता!

सात वर्षांची. मानशीच्या पाण्यातून थेट आलेली.
उन्हात उभी राहिली
आणि माझ्यादेखत सुकत गेली,
आधी खांदे, मग पाठ,
मग मानेवरची लव, दाण्यादाण्यानं पांढरी.
आईनं सोडणानं तिची पाठ घासली.
खाली सूप धरलं होतं.
सूप चुलीशेजारच्या बरणीत रितं झालं.
त्या बरणीतला लाकडी चमचा
मी मघाशी पाहिला होता.

सुई नसते. गालाच्या आत कापूस फिरवायचा, बस.
मुलीनं आपणहून तोंड उघडलं,
हलणारा दात जिभेनं ढकलून दाखवला.
अर्जात तिच्यासाठी रकाना आहे: अनधिकृत प्रत.
पुढचं मी करत नाही.
पुढचं दुसरा विभाग बघतो,
त्यांच्या होड्यांना दिवे नसतात.

निघताना पिएदादनं बिंबलं दिली, चार,
आणि लावून खायला एक पुडी.

परतीच्या फेरीत पेटी मांडीवर.
मला ना बाई आठवली, ना मुलगी.
आठवले कुंडईचे आमचे प्रशिक्षक,
घामट, भला माणूस, फळ्यावर लिहायचा:
मीठ जास्त झालं की यंत्र आंधळं होतं.
कंपनीचं मीठ खातोय एकवीस वर्षं.
आज सकाळी कुणाचं खाल्लं, तेही ठाऊक आहे.
इंजिन घरघरत होतं. कुणी बघत नव्हतं,
ती तिसऱ्यांवाली सोडून.
कुपीचं झाकण फिरवलं.
एक चिमूट.

अहवालात लिहिलं: नमुना मिठानं नासला.
साहेबांनी चष्मा वर केला,
मीठ कधीपासून नासवायला लागलं, हेदे?
म्हटलं, साहेब, चोडणची हवाच तशी.

दुसऱ्या कुणाला पाठवतील. महिन्यानं, फार तर दोन.
त्याला पेज मिळेल का,
तो ती जेवेल का, कोण जाणे.

बिंबलं मी नुसतीच खाल्ली, दात आंबले.
पुडी टेबलाच्या खणात आहे, फायलींच्या खाली.
दमट दिवशी तिला पाणी सुटतं.
कागद भिजतात.
मी पुसत नाही.