आधी रिकामं मोज

रास अल खैमात ऑगस्टच्या दुपारी
लॅबमधून निघून वर्कशॉपचं दार ढकललं
की चष्म्यावर आधी समुद्र येतो,
मग बशारत दिसतो.
लेथवर वाकलेला, कानामागे पेन्सिल,
तांब्याची कुरळी साल बाहीला अडकलेली.
"मॅडम, इतना छोटा? इस में तो चावल का दाना रहेगा."
तेवढंच राहायचंय. शिंपल्याचा चुरा,
पन्नास मिलिग्रॅम.

मी त्याला कागदावर काढून दाखवते:
तांब्याची नळी, नळीला उभी चीर.
चीर रुंद केली की सूर चढतो,
भोक मोठं केलं की उतरतो.
नऊ पूर्णांक चार गिगाहर्ट्झ, एवढाच माझा हट्ट.
विजेने चिरेत बसावं,
चुंबकाने मधल्या पोकळीत फिरावं.
लग्नघरातले रुसवेफुगवे मांडवाच्या दाराशीच मिटवावेत,
आत बोहल्यापर्यंत येऊ देऊ नयेत,
तसं.
बशारतला लग्नघर कळलं. चीर त्याने सुरेख पाडली.

तरी पहिल्या दिवशी नऊ पूर्णांक एक सात.
तीन आठवडे संगणकात वळवलेलं घर
आणि तांब्याने आपलंच म्हणणं पुढे केलं.
बशारतने भिंग लावलं, बराच वेळ गप्प राहिला.
"बाल है."
चिरेच्या काठावर तांब्याचा एक केस,
कापताना उभा राहिलेला.
दाढीचं पातं त्याने एकदाच फिरवलं.
पडद्यावरची खळगी
सरकत सरकत जागेवर आली.
आम्ही दोघांनी तिला चहा पाजल्यासारखं
तिच्यासमोर चहा प्यायलो.

शिंपले जझीरा अल हमराच्या पलीकडच्या ढिगातले.
कुणीतरी खाल्ले, टरफलं मागे टाकली,
उठून गेलं. त्याला किती वर्षं झाली?
टरफलात इलेक्ट्रॉन अडकतात,
वाळूतल्या किरणांनी धक्के मारून कोंडलेले,
एकेकटे, जोडीदाराविना.
माझं तांब्याचं घर त्यांची हजेरी घेतं.
जितकी गर्दी, तितकं वय.

मंगळवारी वय आलं साडेपाच हजार.
गुरुवारी त्याच चुऱ्याचं नऊ हजार.
दोन दिवसांत शिंपला साडेतीन हजार वर्षांनी म्हातारा.
मी स्क्रू फिरवले, केबली बदलल्या,
बशारतवर चिडले, मग स्वतःवर,
मग रात्री दहाला, दुसरं काही सुचेना म्हणून,
नळी काढून रिकामं घर मोजलं.

रिकामं घर बोललं.
दोन पूर्णांक शून्य शून्य तीनवर
एक बारीक, स्वच्छ, ठाम रेघ.
आत कुणी नव्हतं. हजेरी लागत होती.

सकाळी मौझा आली, ऑफिसची किल्ली तिच्याकडे.
बुधवारी कोण आलं होतं, मी विचारलं.
मंत्रालयाचे पाहुणे, ती म्हणाली,
आणि हाताने हवेत गोल काढला:
बखूर फिरवला होता, सगळ्या खोल्यांतून,
तुझ्या तर दोनदा,
तुझ्या खोलीला तेलाचा वास येतो.

ऊद, निखारा, राखेचा कण,
आणि चिरेत बसलेली काजळी.
कोळशातही एकटे इलेक्ट्रॉन असतात,
जळण्यातून सुटलेले,
आणि त्यांना आपण पाहुणे आहोत हे ठाऊक नसतं.

मी रागावणार होते. हसू आलं.
अल्कोहोलमध्ये घर तीनदा खदखदवलं,
बशारतने झाकण करून दिलं, आटे फिरवून बसणारं,
मौझाने त्यावर अरबीत चिठ्ठी डकवली:
इथे धूर नको.
रेघ गेली. म्हणजे जवळजवळ गेली.
अगदी खालच्या गोंगाटात
एक उंचवटा अजून आहे,
वहीत मी त्याला आकडा दिला नाही.

आता रोज सकाळी, दिवे लावायच्या आधी,
रिकामं मोजते.
मग शिंपला.
झाकण उघडताना अजून
जरासा वास येतो, गोडसर.