पलीकडचा टॉवर

होपाच्या पुढे, तुर्कस्तान संपत येतं तिथे,
माझ्या फोनला कंपनीचा निरोप आला:
आपलं स्वागत आहे.
मिनिटाला पंच्याण्णव रुपये.
येणाऱ्या कॉललाही तेवढेच.
म्हणजे घरून कुणी हाक मारली
तर ओ द्यायचे पैसे मी भरायचे.
मी विमानाचं चिन्ह दाबलं
आणि जमिनीवरून चालत राहिलो.

नूरहयातच्या मळ्यात चहा कापायला
बायका येतात सरहद्दीपलीकडून, बातुमीच्या बाजूच्या.
वीस दिवस. एका खोलीत सहा.
कात्रीला पिशवी बांधलेली,
कचकच चालते दिवसभर,
पाती उडून पिशवीत जातात.
सातला कात्र्या थांबतात
आणि सगळ्या वर चढू लागतात,
हेझलनटच्या झाडांमधून, चिखलातून,
रबरी बुटांनी,
एका काळ्या दगडाकडे.

मला वाटलं, देव असेल.

समोरच्या डोंगरांत एक फट आहे.
त्या फटीतून त्यांच्या देशाची रेंज
इकडे सांडते, नेमकी या दगडावर,
घरगुती दरात.
दगडावर दोघीच मावतात.
बाकीच्या खाली, सूर्यफुलाच्या बिया फोडत,
आणि वरचीनं लांबण लावली
की सालं तिच्या पाठीवर.

लमारानं मला जागा दाखवली,
थोडं तुर्की, थोडं रशियन, उरलेलं हातांनी:
डावा पाय इथे. उजवा तिकडे नको.
उजवा तुर्कस्तानात जातो.
मी हसलो. ती हसली नाही.
गेल्या वर्षी उजव्या पायापायी तिची
दोन दिवसांची मजुरी गेली होती.

तिच्या मुलीचं नाव टेकले.
मी सांगू पाहिलं, आमच्यात हे नाव नाही, क्रियापद आहे,
दमलेली बाई पाठ टेकते,
हरलेली हात.
त्यातलं तिला काय पोचलं कोण जाणे.
"टेकले," ती फोनमध्ये म्हणाली,
मग पुढची चार मिनिटं
मला एक शब्द कळला नाही,
फक्त मधेच तिनं हवेत
थर्मामीटर झटकला तो दिसला.

नूरहयात पेले घेऊन वर आली.
तिला कुणाला फोन करायचा नव्हता.
म्हणाली, माझी आई याच उतारावर गायची.
खाली गावामधून तार गेलेली तेव्हा,
मावशी तारेपलीकडे.
बोललं तर शिपाई यायचा,
हात हलवला तरी यायचा.
मका खुडताना गायला मात्र मनाई नव्हती.
मग गाण्यातच घालायची सगळं:
गाय व्याली. थोरलीचं ठरलं.
बाबा सोमवारी गेले,
तू वाकूनच राहा, रडलीस तर दिसेल.
थोड्या वेळानं पलीकडून तीच चाल परत येई.
मग कळे, पोचलं.

"महाग पडायचं का?" मी उगाच विचारलं.
तिनं गरम पेला माझ्या हातात दिला.
"सूर फार चढा लागायचा."

काळोख पडता पडता लमारानं
माझा मुका फोन पाहिला,
आणि आपला शेजारी धरला.
हॉटस्पॉट. पासवर्ड: टेकले, पुढे जन्मसाल.
तिच्या पैशांतून मी घरी एक ओळ पाठवली,
ठीक आहे, चहाच्या मळ्यात आहे.
एक टिक. दोन.
निळ्या होईपर्यंत थांबणार होतो,
पण पाठीवर साल पडलंच.

उतरताना तिसऱ्या पावलावर
तिच्या खिशात फोन थरथरला.
तुर्कस्तानात आपलं स्वागत आहे.
तिनं न बघता तो बंद केला
आणि उद्याच्या पिशव्या मोजायला गेली.