तांत्रिक बिघाड

तेवीस डिसेंबर, सकाळचे नऊ दहा.
सकाळ म्हणायची ती घड्याळाच्या भरवशावर;
डोंगरामागे गेलेला सूर्य
जानेवारी सरेपर्यंत तोंड दाखवत नाही या फ्योर्डला.
कॉफीच्या सुट्टीला अजून अवकाश, आणि पट्टा थांबला.
कॉड मासे जिथल्या तिथे.
थोरगेयर पाना घेऊन खाली शिरला, म्हणाला, वीस मिनिटं.

आम्ही हातमोजे काढले, थर्मासची झाकणं फिरवली.
रबरी बूट हीटरकडे तोंड करून बसले,
आणि बुटांत आम्ही.

बोगुमिल आधी बोलला, तो नेहमीच आधी बोलतो:
"आमच्याकडे कार्प मासा जिवंत आणायचे,
तीन दिवस आधी, न्हाणीतल्या टबात.
तीन दिवस कुणाची आंघोळ नाही.
बहिणीने त्याचं नाव ठेवलं नगराध्यक्ष,
कारण तोंड सारखं उघडं आणि काम काही नाही.
चोवीसला वडील सुरी घेऊन आत गेले, दार लावलं.
बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला.
मग ओल्या टॉवेलात गुंडाळून, सायकलवरून, नदीवर.
त्या रात्री आम्ही डब्यातलं हेरिंग खाल्लं.
पुढच्या वर्षीही कार्प आणला.
पुढच्या वर्षीही हेरिंग."
हा बोगुमिल तासाला चारशे मासे साफ करतो,
डोळ्याला डोळा न भिडवता.

रोवेनाच्या गावी नऊ पहाटा, नऊ प्रार्थना, अंधारात उठून;
नवाच्या नऊ झाल्या तर एक मागणं पुरं होतं.
"मी आठवीला झोपायचे. दरवर्षी आठवीलाच.
आई पाणी शिंपडायची, बहीण पाय ओढायची.
म्हणून तर बघा कुठे येऊन पडले!"
आता तिकडचे पहाटेचे चार म्हणजे इकडचे रात्रीचे आठ.
पाळी संपवून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून
ती आपसूक जागी असते. काल आठवी झाली.
"मग आज काय मागणार?" कुणीतरी विचारलं.
ती चमच्याने कपात बुडलेलं बिस्कीट शोधत राहिली.

ऑड्रोनेला गवत लागतं, वाळलेलं, टेबलावरच्या चादरीखाली.
जेवण झालं की न बघता एकेक काडी ओढायची;
लांब काडी, लांब आयुष्य.
"ऐंशीनंतर आजीला कधी आखूड काडी आली नाही.
आईच्या बाहीत असायची ना एक.
आजीला ठाऊक होतं.
काडी ओढून झाली की ती
आईची बाही नीट करून द्यायची."

थोरगेयर मशीनखालूनच बोलला, पाय तेवढे दिसत होते.
आज रात्री तो स्केट मासा शिजवणार, आंबवलेला,
ज्याने डोळ्यांत पाणी येतं आणि शेजाऱ्यांच्या तोंडी शिव्या.
"बायको बाहेर शेडमध्ये शिजवायला लावायची.
कोटाला वास लागतो म्हणायची, मार्चपर्यंत जात नाही.
आता घरातच शिजवतो.
तिचा कोट खुंटीवर आहे. हलवत नाही."
पाना खाली पडला.
तो उचलायला त्याने वेळ लावला.

"स्टेनुन, तुझं?"
मी मुकादम. मी घड्याळ बघितलं.
सांगण्यासारखं होतं तसं: बाबा मालवाहू जहाजावर,
आणि आईचा नियम, ते येतील तो चोवीस डिसेंबर.
एका वर्षी तो एकोणीस फेब्रुवारीला आला.
झाडाला एक सुई उरली नव्हती, काटक्यांना चांदण्या टांगलेल्या.
काल आमच्याकडे नाताळ होता, गृहपाठ राहिला, मी शाळेत म्हटलं.
बाईंनी मान डोलावली,
जणू पंचांगात तसंच छापलंय.

पण पट्टा गुरगुरला, चालू झाला.
वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं.
अकरा वर्षं झाली, हे मशीन एरवी कुरकुरतसुद्धा नाही,
फक्त तेवीस डिसेंबरला. नऊ दहाला.
मी नोंदवहीत लिहिते: तांत्रिक बिघाड.
एकदा वरून फोन आला होता, सुटा भाग मागवू का.
मी म्हटलं, मिळत नाही तो.

बोगुमिलने पहिला मासा उचलला.
तोंड उघडं होतं त्याचं.
सुरी जरा थबकली, आणि मागचा एक
तसाच सरकत पुढे गेला.
मी तो मोजला नाही.