संगमरवर कसा काढतात

फ्रिज बंद केला, कारण तो गुणगुणतो.
गाडीची किल्ली त्याच्याच आत ठेवली,
म्हणजे निघताना तो सुरू करायचा राहणार नाही.
ही होदानची युक्ती.

कार्डिफ, ब्यूटटाउन, दुसरा मजला.
तिच्या आईच्या कपड्यांच्या कपाटात आमचा स्टुडिओ:
थंडीचे कोट, लग्नातले झिरझिरीत सोमाली झगे,
दाराला आतून खिळलेली रजई.
जुन्या कपड्यांइतकं मन लावून कुणी ऐकत नाही.
छतावर कुरव पक्षी. त्यांना बंद करायचं बटण नाही.

नावापायी तीन आठवडे गेले.
'आवाज' असलेली सगळी नावं आधीच कुणी ना कुणी घेतलेली.
नमनालाच घडाभर तेल, आणि दिवा लागेना.
शेवटी ठेवलं 'श्रेयनामावली':
सिनेमा संपून माणसं कोट चढवत उठतात
तेव्हा पडद्यावर जी एकटीच वर सरकत राहते, ती.

अनुदानाच्या अर्जात लिहिलं होतं,
गोरेतर कलावंतांचा आवाज दूरवर पोचवण्यासाठी.
होदानने तो शब्द मधोमध तोडला: गोरे, तर.
बघ, म्हणाली, आपल्या नावातसुद्धा
पुढच्या रांगेत तेच.

पहिले पाहुणे ऑस्बर्ट गिटेन्स, वय अठ्ठ्याहत्तर.
बार्बेडोसहून आईच्या कडेवर आले.
एकतीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवले,
राजवाडे, अरण्यं, एकदा अख्खं व्हेनिस,
आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव नाही, एकदाही.

आमचे प्रश्न तयार होते, चढत्या रागाने लावलेले.
तुम्हाला डावललं गेलं, तेव्हा काय वाटलं?

ते कोटांकडे बघत राहिले.
लॅपटॉपवर हिरवी रेघ आडवी पडली.
नऊ सेकंद. चौदा.
वर एक कुरव भांडून गेला.
"हे विचाराल, माहीत होतं," ते म्हणाले.
"ऑक्टोबर आला की सगळेच विचारतात.
संगमरवर कसा काढतात, हे कुणी विचारलं नाही."

मी हातातला कागद उलटा ठेवला
आणि विचारलं.

आधी पांढरा. पण पांढरा म्हणून एक रंग नसतो, पोरी,
पांढऱ्याचे सात डबे असतात, आणि प्रत्येकात
थोडा काळा घातल्याशिवाय तो दगड होत नाही.
मग हंसाचं पीस, टोकाशी राखाडी लावून,
ओल्या रंगावर तिरपं ओढायचं.
शीर सरळ आली तर तो दगड नाही, नकाशा.
हात थरथरू द्यायचा.
तरुणपणी मला थरथरायला शिकावं लागलं.
आता आपोआप जमतं—
त्यांनी हात वर धरला, कपाटातल्या बल्बखाली—
आत्ता मी काय संगमरवर काढला असता!

बावन्न मिनिटं. आमचे अकरा प्रश्न तसेच राहिले.
त्यांना घरी सोडायला निघालो तर किल्ली सापडेना.
सगळे खिसे, सगळे कोट धुंडाळले.
मग दोघी एकदमच फ्रिजकडे धावलो.
मटार वितळून ओघळले होते.

रात्री संकलनाच्या यंत्राने नम्रपणे विचारलं:
शांतता आढळली, काढून टाकू?
नको.
कुरव?
तोही राहू दे.

पहिल्या दिवशी तेरा वेळा ऐकलं गेलं.
त्यात पाच वेळा होदानची आई,
आपले कोट ऐकू येतात का बघायला.
होदानला रडू येत होतं, की हसू, कळेना.
मी तेराचा आकडा पुन्हा पुन्हा ताजा करत राहिले.
तो तेराच.

सकाळी साडेसहाला फोन. ऑस्बर्ट.
अभिनंदन नाही, आभार नाहीत.
"ते हंसाचं पीस म्हणालो ना मी,
टर्कीचंही चालतं. स्वस्त पडतं.
कुणी पोरगं ऐकून उगाच हंस शोधत बसेल.
पुढच्या वेळी सांगून टाका."