उणे ऐंशी

वाल्दिव्हिआत जुलै म्हणजे ऐन हिवाळा,
आणि पाऊस असा, की छत्री उघडणाऱ्याला लोक पाहुणा समजतात.
आमच्या दुसऱ्या मजल्यावर तीन प्रयोगशाळा
आणि फ्रीझर एकच, उणे ऐंशीचा,
तिघांच्या अनुदानातून काटकसरीनं घेतलेला.

वरचा कप्पा इग्नासिआचा :
माणसांच्या मानेतून काढलेल्या रोहिण्यांचे काप,
आतून जुन्या नळासारखे चुन्यानं धरलेले.
मधला एराल्दोचा : बटाट्याच्या पानांवरचा करपा,
चिलोए बेटावरच्या एकवीस शेतांमधला,
प्रत्येक डबीवर शेतमालकिणीचं नाव.
(बेटावर बटाटे बायकांचे असतात, असं तो सांगतो.)
खालचा माझा.
कोंबडीच्या पिल्लांचे आतले कान
आणि त्यांतल्या केशपेशी,
ज्या मोठ्या आवाजानं मरतात
आणि महिन्याभरात परत उगवतात.
कोंबडीच्या. आपल्या नाहीत.

गुरुवारी रात्री कॉम्प्रेसर गेला.
अलार्म वाजू लागला, बारीक, टाचणीच्या टोकाएवढा.
दोन तास वाजत होता.
खाली टेबलाशी एलेउतेरिओ कार्कामो,
वय त्रेसष्ट, तरुणपणी करवतीच्या गिरणीत एकोणीस वर्षं,
थर्मासमधला चहा पीत बसलेला.
एक वाजता फेरीला निघाला, जिना चढला,
अलार्मच्या अंगावरून गेला
आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही.

पण त्याची डावी पोटरी.
दोनशे पावलं झाली की तिच्यात गोळा येतो,
मांडीतली रोहिणी अर्धी बुजलेली.
दुखेपर्यंत चाला, थांबा, मग परत चाला,
असं इग्नासिआनंच त्याला सांगितलेलं :
थांबत थांबत चाललात, तर रक्त आडवाटा शोधतं.
त्या रात्रीची दोनशे पावलं
नेमकी फ्रीझरपाशी संपली.
तो टेकला. तळहात दारावर.
आणि दार गप्प होतं,
जसं मेलेल्या गुराचं पोट.

मग त्यानं आम्हा तिघांना उठवलं.
उणे एकसष्ट.
एराल्दो ओल्या पायजम्यात, इग्नासिआ नवऱ्याच्या बुटांत,
साल्मन कंपनीच्या गोदामातून मिळालेला कोरडा बर्फ,
बोटांना चावणारा, धुरासारखी वाफ सोडणारा.
करप्याच्या डब्या उचलताना कार्कामो एका नावावर थबकला.
ओर्तेन्सिआ माचादो, केमची.
"हिचं शेत आमच्या बांधाला बांध.
करपा पडला की आईला आधी वासानं कळायचं.
पानं नंतर काळी पडायची."
एराल्दोनं डबी त्याच्या हातात तशीच राहू दिली,
जरा जास्तच वेळ.

पहाटे संचालकांचा फोन. पहिलाच प्रश्न :
चौकीदाराला अलार्म ऐकू कसा आला नाही?

मी त्याला माझ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन,
ऐकू आलं की बोट वर करा.
मंद्र सूर : बोट वर. मध्यम : वर.
मग आलेख दरीत पडला
आणि बोट मांडीवर पडून राहिलं,
मी सूर वाजवत गेले, वाजवत गेले,
तो माझ्याकडे बघत होता, शाळेतल्या मुलासारखा,
अजून सुरू झालं नाही असं समजून.

नऊ वर्षं मी ज्या पेशींवर निबंध लिहितेय
त्या इथे माझ्यासमोर नव्हत्या.
रोज रात्री मला "जपून जा" म्हणणाऱ्या माणसात.
मी कधी विचारलं नव्हतं.

म्हणून सगळं सांगितलं. पिल्लांचंही.
तो बराच वेळ विचारात पडला.
"कोंबडीला परत येतं?
एवढं काय ऐकायचं असतं कोंबडीला?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही,
म्हणजे आहे, पण ते पेशींचं आहे.

अलार्म आता बदललाय, बोटीच्या भोंग्यासारखा घोगरा.
तरी तो दर तासाला फ्रीझरला हात लावतो.
नोंदवहीत तापमानाच्या रकान्यात
आकडा लिहीत नाही.
काल रात्रीची नोंद, त्याच्या तिरक्या अक्षरात :

तीन दहा. थरथरतोय.
चार पाच. थरथरतोय. पाय बरा.
पाच. पाऊस आहे म्हणतात.