रेडिएटरपुरतं पाणी

जानेवारी. इथला उन्हाळा. म्हणजे
दिवसातून तीनदाच पाऊस.
पातागोनियाच्या खडीवर आमची व्हॅन
डब्यातल्या चण्यांसारखी खडखडते,
आणि पुढच्या सीटवर माझे सासरे, डॉन रोसामेल,
गुडघ्यांत तुंबा धरून
नळीने कडू माते ओढत बसलेत.

धबधब्यांची यादी माझ्याकडे.
सतरा. पैकी नऊ झाले.
प्रत्येक ठिकाणी मी धावते, भिजते, फोटो काढते,
आणि परत येते तेव्हा
ते दार अर्धं उघडून विचारतात,
"झालं?"

तरुणपणी हा रस्ता त्यांनी फोडला.
सुरुंग, पहार,
पगार आला तर आला.
पाट्यांवरची नावं त्यांना ठाऊक नाहीत.
त्यांच्या लेखी हा 'रेडिएटर':
उकळलेल्या ट्रकला इथे दोन बादल्या पाजायच्या.
वळणापलीकडचा 'धुणं'.
आणि नाल्काच्या छत्रीएवढ्या पानांआडून
जो बारीकसा, चोरट्यासारखा उतरतो,
तो 'खेचर गेलं ते'.

"सुंदर होता का हो, तेव्हाही?"
"ओला होता," म्हणाले.

संध्याकाळी तंबूची खुंटी जमिनीत जाईना.
इव्हानने दोन वाकवल्या, तिसरीला शिव्या दिल्या.
म्हाताऱ्याने न बोलता
दोरीला एक धोंडा बांधला, मग दुसरा,
आणि तंबू उभा राहिला, जरा तिरका.
तव्यावर सोपाइपिया फुगल्या.
कड्यावरून पाणी कोसळतच होतं,
मीठ मागायलासुद्धा ओरडावं लागत होतं.

"ह्या आवाजात झोप कशी लागायची तुम्हाला?"
मी ओरडूनच विचारलं.
त्यांनी आधी सोपाइपिया संपवली. बोटं पँटला पुसली.
"अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आम्ही.
रात्री घर आठवायचं.
तंबू मुद्दाम पाण्यालगत ठोकायचो,
कोण रडतंय
ते कुणाला ऐकू जायला नको."

आणि निखारे सारखे करत बसले,
सारखेच होते ते.

सकाळी दहावा.
यादीत त्याच्यापुढे मी चार तारे काढले होते.
ह्या वेळी तेच आधी उतरले,
रिकामी बाटली घेऊन.
"गाडी थंड आहे, पाणी नकोय," इव्हान म्हणाला.
"असू दे," म्हणाले, आणि गेले
नाल्काची पानं कोपराने बाजूला सारत,
बुटांसकट पाण्यात.

बाटली एव्हाना तीनदा भरली असती.
आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती,
आणि टोपी, तुषारांनी पांढरी होत चाललेली.
मी दार अर्धं उघडलं.
ओठांवर आलेला तो एक शब्द
तसाच गिळला.

उघड्या दारातून गोमाश्या आत आल्या,
चांगल्या वीसेक.
आम्ही गुपचूप चावून घेतलं.